कूलरसमोर ठेवेल बास

हे मी आजवर कोणाले सांगतलं नाही. बायकोले नाही, भावाले नाही. महाशिवरात्रीले देवापुढं डोळे मिटून उभा राह्यलो तेव्हा त्यालेही नाही — तिथंही मी पिकापाण्याचंच बोलून वापस आलो. तुम्हाले काहून सांगून राह्यलो मंग? तुम्ही देवीदासले ओळखत नाही, हे एक. अन् तुम्ही मले तोंडावर काही म्हणू शकत नाही, हे दुसरं. पाहा, कबुली द्याले बसलो तरी जागा पाहूनच बसलो!

मी ढाणकीचा. घरी कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. अन् लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात बास वाजवतो. बास म्हणजे चार जाड तारांची गिटार. तुम्ही ती लय वेळा ऐकली असंल अन् एकदाही ध्यान देल्लं नसंल. गाणाऱ्याचं नाव लोक विचारतेत, ढोलकीवाल्यावर नोटा ओवाळतेत. बासवाला मागं उभा. पण तो मधातच थांबला तर पाहा — गाणं चालूच असते अन् तरी नाचणाऱ्याचे पाय अडखळतेत. काय गेलं ते त्याले समजत नाही. पोटातून काहीतरी निघून गेलं असं वाटते, बस.

हे मले ज्यानं समजावलं तो देवीदास. ढाणकीपासून जवळच त्याचा तांडा. आमच्या पार्टीत माह्याआधी तोच बास वाजवे. बाप गेल्यावर शेती एकट्याच्या अंगावर पडली, गावोगाव फिरणं त्याले जमेना. तेव्हा त्यानंच मालकाले म्हटलं — या पोट्ट्याले घ्या, याचा हात जड हाय पण ताल पक्का हाय. म्हणजे माही जागाही त्यानंच देल्ली. हे आधीच सांगून ठेवतो, नाही तर पुढचं ऐकताना तुम्ही मले सूट देसान.

अन् कोणी गरीब, मुका, खाली मान घालणारा माणूस समजू नका त्याले. लय बडबड्या! छाती काढून सांगे, "उमरखेडपासून वणीपर्यंत बास लावणारा एकच. कोण, ते विचार." आपण "कोण?" म्हणावं लागे. नाही विचारलं तर चहा देत नव्हता. पण खोटं कुठं होतं ते? नव्हतंच ना.

माही बास मी नागपूरहून जुनी घेतलती. आणली तेव्हा तिच्यात स्वर कमी अन् खरखर जास्त. देवीदास ती घेऊन ओसरीत बसला. पहिलं त्यानं काहीच केलं नाही, नुसतं पाह्यलं. बासचं बूड डोळ्याजवळ धरून, एक डोळा मिटून, लांब दांडीवरून नजर टाकली — तिफणीचा दांडा वाकला का पाहतेत ना, तसं. मंग मले म्हणे, "दांडी सरळ दिसली पायजे, पण सरळ नसली पायजे."

म्हणजे काय? मलेही समजलं नव्हतं. तार वाजते तेव्हा ती मधात जास्त हलते, तिले हलाले जागा लागते. म्हणून दांडीले मधात नजरेले न दिसणारा खोलगटपणा पायजे. तो नसला की तार फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्याईवर, घासते, अन् जास्त झाला की तारा उंच राहतेत, बोटं दुखतेत. हे सांभाळाले दांडीच्या पोटात लोखंडाचा रॉड असते. कसला की दांडी मागं जाते, ढिला केला की तारा तिले पुढं ओढतेत. एका अंगानं तारा ओढून राह्यल्या, दुसऱ्या अंगानं रॉड, अन् मधात बिचारं लाकूड.

मापाले त्याच्याजवळ काय असंल? लग्नपत्रिका! आमच्या धंद्यात पत्रिकेची काय कमी? तार पहिल्या फ्रेटवर दाबाची, तिकडं शेवटच्या फ्रेटवर दाबाची, अन् मधात तारेखालून पत्रिका सरकवाची. अडखळली नाही पायजे, पण तारेले पुसत गेली पायजे. त्यासाठी जाड कागदाची पत्रिका लागे. पातळ पत्रिकेच्या लग्नात हा जेवाले जाये, पण पत्रिका घरी आणत नव्हता.

अन् रॉड फिरवाचा किती? चतकोर आटा. बस. फिरवला की बास ठेवून द्याची अन् वावरात चक्कर मारून याचं. लाकडाले समजाले वेळ लागते म्हणे. मी म्हणो, अबे आताच करून टाक ना. तो माह्याकडं असा पाहे की जणू मी कच्ची तूर शिजत नाही म्हणून चुलीले लाथ मारून राह्यलो.

मंग खाली तारा जिथं टेकतेत त्या ब्रिजवरचे छोटे सॅडल, म्हणजे एकेका तारेचे टेकू, वरखाली करून तारांची उंची. मंग बाराव्या फ्रेटवर — तिथं तारेचा बरोब्बर अर्धा भाग होते — बोट नुसतं टेकवून एक स्वर ऐकाचा, अन् तिथंच दाबून दुसरा. दोन्ही एक पायजेत. दाबेल स्वर चढा लागला तर सॅडल मागं, उतरला तर पुढं. हे तो डोळे मिटून करे. बडबड तेव्हा बंद. तेवढीच काय ती बंद.

त्या दिवशी लावून झाल्यावर त्यानं सगळ्यात जाड तार छेडली अन् ओसरीतला पाण्याचा गुंड गुणगुणाले लागला. आतून त्याची बायको सुमन ओरडली, कोणी गुंडाले हात लावला म्हणून. मी बास हातात घेतली. जिथं बोट ठेवो तिथून स्वर निघे, साफ, गोल, लांब. मले रडू आलं. खरंच आलं. एवढ्या दिवसांत मले वाटे का मीच वाईट वाजवतो — अन् या माणसानं दाखवून देल्लं की नाही, तुह्या हातात होतं, वाद्यात अडकेल होतं. हे कोणी कोणासाठी करते का सांगा बरं?

ते वर्ष त्याचं होतं. उमरखेडच्या बसस्टँडामागं त्यानं एक गाळा पाहून ठेवेल होता. लोकाईच्या गिटारी, बास, बेंजो दुरुस्त कराचे, लावून द्याचे. नांदेडकडून, आदिलाबादकडून पार्टीवाले वाद्य घेऊन त्याच्या तांड्यावर येत. वावर सुमननं पाहाचं अन् दुकान त्यानं, असं दोघाईचं ठरलतं. बोर्डही रंगवून घरी आला. त्यावर बासचं चित्र होतं अन् पेंटरनं तारा पाच काढल्यात्या. देवीदासनं भांडून एक खोडाले लावली. पावसाळ्याआधी दुकान उघडाचं होतं.

आता सांगतो. — नाही, थांबा. आधी कूलरचं सांगा लागते.

तुम्ही आमच्या इकडचे असाल तर तुम्हाले ठाऊकच आहे. मे महिन्यात आमच्याकडं पाहुण्याची सरबराई जेवणावरून मोजत नाहीत. कूलरसमोरच्या जागेवरून मोजतेत. जावई आला की घरचे सारे सरकतेत, ती गादी त्याची. बाळंतीण आली, म्हातारी आत्या आली — तिची. ज्याच्यावर माया जास्त, त्याले कूलरसमोर जागा. हे कोणी शिकवत नाही, अंगातच असते.

वणीकडच्या एका गावात लग्न होतं, कोळशाच्या ट्रकांचा धंदा करणारं मोठं घर. हळदीपासून आमची पार्टी तिथं. निघाच्या आधी मी बास देवीदासकडून लावून घेतली. हातात देताना त्यानं बजावलं — बंद गाडीत ठेवू नको, अन् कूलरपाशी तर बिलकुल नोको. कोरड्या हवेत लावेल लाकूड हाय, ओली हवा लागली की फुगते. मी हाव हाव म्हटलं.

जानोशात, म्हणजे पाहुण्याईच्या उताराच्या जागी, उतरलो तर अंगाची लाही होऊन राह्यलती. बॅगेतून बास काढली तर तारा चटके देत. अन् मले तिची दया आली. दया! लाकडाची! मी ती भिंतीले टेकवून कूलरच्या अगदी तोंडासमोर उभी केली अन् तिच्या पायथ्याशी मी चटई टाकून झोपलो. माह्याहून चांगली जागा तिले देल्ली, अन् मले त्याचं बरंही वाटलं. रातभर ती तिथंच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथंच. ओली हवा सरळ दांडीवर.

दुपारी हातात घेतली तर तारा उंच उचलेल. बोटाईनं दाबता दाबवेनात. तेव्हा देवीदासले एक फोन कराचा, एवढंच काम होतं. काहून नाही केला? कारण त्यानं पहिलं हेच विचारलं असतं — कुठं ठेवली होती? अन् मंग त्याचं तोंड कोण धरणार? उमरखेडपासून वणीपर्यंत एकूणएक पार्टीत गोष्ट गेली असती — यानं बासले कूलरसमोर झोपवलं, चादर पांघरली का तेवढं विचारा. लोक हसले असते. बस. एवढ्यालेच मी भ्यालो. मोठं काही कारण असतं तर सांगतानाही बरं वाटलं असतं, पण नाही.

ऑक्टोपॅडवाल्याच्या मोटारसायकलीच्या पान्यांत एक एलन की, म्हणजे रॉड फिरवाची सहा कोनांची किल्ली, सापडली. बसली — म्हणजे जवळजवळ बसली. चतकोर फिरवला. काही फरक नाही. थांबाले पायजे होतं, पण हळदीचे लोक जमून राह्यलते. अजून चतकोर. अजून एक. रॉड अडला. अडला तेव्हा तरी सोडावं ना? मी दात खाऊन जोर लावला. आतून कट् आवाज आला, अन् किल्ली हातात मोकळी फिराले लागली.

पण कार्यक्रम मी काढला — मोकळ्या तारा अन् सुरुवातीचे दोन-तीन फ्रेट, तेवढ्यावरच. कोणाच्या ध्यानात आलं नाही. बासवाल्याले एवढं एक सुख आहे.

ढाणकीले आल्यावर मी बास घेऊन त्याच्या ओसरीत गेलो. त्यानं नजर टाकली, रॉडमध्ये किल्ली घातली, फिरवली. ती फिरतच राह्यली. मी त्याचं तोंड पाहून राह्यलतो. तो माह्याकडं न पाहता म्हणे, "भिया, तू हात लावला का रॉडले?"

भिया म्हणजे त्याच्या बोलीत भाऊ. तो मले कधी नावानं बोलवतच नव्हता.

"मी? मले काय समजते त्यातलं?"

हे मी म्हटलं. हेच ते. पाहा, सरळ 'नाही' म्हणाचीही माही हिंमत झाली नाही. मी माह्या अडाणीपणाआड लपलो. अन् त्यानं पुन्हा विचारलं नाही — भावाले दुसऱ्यांदा कोण विचारते?

त्यानं किल्ली काढून खाली ठेवली. मंग म्हणे, "निघताना तो शेवटचा चतकोर मी उगाच देल्ला. मले तेव्हाच वाटलं होतं. माह्याच हातानं गेला." मी बोललो का? मी म्हटलं, असू दे रे, होते कधी कधी. म्हणजे मी त्याले माफ केलं! ऐकून राह्यले ना तुम्ही? मी — त्याले!

तो उठून आत गेला अन् स्वतःची बास घेऊन आला. त्याची जुनी, लाडाची. तांड्यातल्या कार्यक्रमात वाजवे ती. आमच्या दोघाईच्या बास एकाच घडणीच्या. मागचे चार स्क्रू काढले की दांडी सुटते. त्यानं त्याच्या बासची दांडी सोडली अन् माह्या बासले लावली. मी नोको नोको म्हटलं, तोंडदेखलं. तो म्हणे, तुह्या लग्नसराईचे दिवस हायेत, मी पुढं मागवून घेईन. मंग पुन्हा पहिल्यापासून सगळं लावलं — पत्रिका, सॅडल, बारावा फ्रेट. त्या दिवशी त्यानं रॉडले मात्र हात लावला नाही. त्याची दांडी होतीच तशी, गरजच पडली नाही.

पण इथंच तुम्हाले समजाले पायजे की हा माणूस काय चीज आहे. तुम्ही असतात तर काय केलं असतं? दुकान उघडाच्या तोंडावर आहे, नाव झालं आहे, एक रॉड तुटला — कोणाले सांगतलं असतं? मी तर मेलो तरी नाही. अन् देवीदास? ज्या आवाजात स्वतःची बढाई मारे, त्याच आवाजात त्यानं हे सांगतलं. एका लग्नात तीन-चार पार्ट्या जमल्यात्या, पंगतीत सारे वाजवणारे बसेल होते. हा उभा राहून म्हणे, "ऐका बे, भियाच्या बासचा रॉड माह्या हातानं तुटला. मोठमोठ्या गोष्टी मीच सांगत होतो ना, मंग हेही मीच सांगतो. आता माह्याकडं वाद्य द्याचं का नाही, तुम्ही ठरवा." जी चूक त्याची नव्हती ती त्यानं पंगतीत उभं राहून सांगतली. माही होती, अन् मी त्याच्या बाजूले बसून बुंदी खाऊन राह्यलतो. घास गिळला मी. दुसरा घेतला.

लोकाईनं ठरवलं. वाद्य येणं हळूहळू बंद झालं. जे कोणी तरीही आले, त्याईले त्यानंच वापस पाठवलं. किल्ली हातात घेई, रॉडच्या तोंडाशी नेई, अन् खाली ठेवून देई. उमरखेडच्या गाळ्यात मोबाईलचं दुकान लागलं. बोर्ड त्यानं शेळ्याईच्या कोठ्यावर टाकला, पाणी गळत होतं तिथं. त्याच्या बासले दुसरी दांडी आलीच नाही.

एकदा सुमन वहिनी मले म्हणे, "भाऊजी, तुम्ही तरी समजवा ना त्याईले. एक रॉड तुटला तर काय हात वाईट झाला का माणसाचा? तुमचं ऐकतीन ते." मी काय म्हटलं असंल? समजावतो म्हटलं. अन् समजावलंही! तासभर समजावलं. देवीदास, मनाले लावून घेऊ नको, वगैरे वगैरे. जे एक वाक्य सांगाचं होतं ते सोडून बाकी सारी वाक्यं सांगतली.

अन् माह्या बासचं काय झालं? तिचा आवाज पहिल्याहून चांगला लागाले लागला. दांडी कोणाची होती! कार्यक्रम झाला की वाजवणारे जवळ येत, हात लावून पाहत, म्हणत — वा, काय लावेल बास आहे, कोणी लावली? पहिल्यांदा मी देवीदासचं नाव घेतलं. तर ते म्हणे, तो? ज्यानं रॉड तोडला तो? त्यानंतर मी नाव घेणं सोडलं. मीच लावतो, म्हणो. मंग लोक मलेच वाद्य आणून देऊ लागले. मी लावूनही देतो. जमतेही. काहून नाही जमणार? त्याचा एकूणएक शब्द माह्या कानात आहे. रॉड मी कधी घाईनं फिरवत नाही. ते मी त्याच्या दुकानाची किंमत देऊन शिकलो.

वावर आता सुमन वहिनी पाहते, अन् तो आमच्या पार्टीत आवाजाच्या मिक्सरवर बसते. पुन्हा बडबड्या झाला आहे, पिकावर बडबडते, पोरीच्या मार्कांवर बडबडते. कार्यक्रमात बासचा आवाज तो जरा चढाच ठेवते. मालक ओरडला तर म्हणते, लोकाईले ऐकू द्या ना माह्या भियाले.

यंदा केळापूरले कार्यक्रम होता. दुसऱ्या पार्टीत यवतमाळची एक पोट्टी बास वाजवत होती — कॉलेजातली, नवी बास, नवा उत्साह. तिची बास खरखर करून राह्यलती. ती सरळ देवीदासकडं आली. तिच्या गावच्या कोण्या जुन्या वाजवणाऱ्यानं तिले सांगतलं होतं म्हणे, की ढाणकीकडं देवीदास म्हणून माणूस आहे, त्याच्यासारखी बास कोणी लावत नाही.

मी बाजूलेच होतो. देवीदासनं बास तिच्या हातातून घेतली. बूड डोळ्याजवळ नेलं, एक डोळा मिटला. मले वाटलं, लावते हा आज. मले ते पायजे होतं की नोको होतं, हेही मले आज सांगता येत नाही. त्यानं डोळा उघडला अन् बास तिले वापस देल्ली.

"माह्या हातानं एकाची तुटली हाय, बाई," तो म्हणे. "याच्याकडं दे. याच्या हातून आजवर कोणाचं काही बिघडलं नाही."

तिनं बास माह्यापुढं धरली. सांगाचं होतं तर ती वेळ होती. आम्ही तिघंच होतो, बाकीचे जेवाले गेलते. मी बास घेतली. तो माह्याजवळ मांडी घालून बसला अन् मी काय करतो ते पाहत राह्यला, त्या पोट्टीले समजावत — पाह्य, कसा दमानं करते, पाह्य, आता थांबते का नाही. सगळं बरोबर सांगून राह्यलता. मी तसंच करून राह्यलतो.

बास लागली. पोट्टीनं जाड तार छेडून पाह्यली अन् तिचं तोंड उजळलं. ती वाकली, अन् देवीदासच्या डोळ्यासमोर माह्या पाया पडली.

"आशीर्वाद दे ना, भिया," तो म्हणे.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.